"हे ४ कशावरून दिलं?" असं नवा मॅनेजर विचारतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पुण्यात एका आयटी कंपनीत सात वर्षं आहे, बॅकएंडचं, म्हणजे ॲपच्या पडद्यामागच्या यंत्रणेचं काम. मागची दोन वर्षं कामगिरीचं रेटिंग ५ पैकी ४. जुने मॅनेजर डिसेंबरात कंपनी सोडून गेले, नवे फेब्रुवारीच्या सुरुवातीला आले. तिसऱ्याच वन-ऑन-वनमध्ये, म्हणजे दोघांच्याच ठरलेल्या भेटीत, ते म्हणाले, 'तुझा मागचा रिव्ह्यू वाचला. हे ४ कशावरून दिलं, मला काही कळलं नाही.' मला काही सुचलं नाही, गप्प बसलो. आता मार्चअखेर यंदाच्या रिव्ह्यूची सायकल बंद होतेय. एचआरकडे जाऊ, जुन्या मॅनेजरला मध्ये घालू, की सरळ दुसरी नोकरी बघू?"

गप्प बसलात ते बरंच केलंत. त्या क्षणी तोंडातून निघतं ते बहुधा "पण सर, मागच्या वर्षी तर..." असंच असतं. तिथून पुढे तुम्ही जुन्या साहेबांचे वकील आणि नवे साहेब उलटतपासणी घेणारे, अशी बैठक लागते. ती मोडायला मग महिने जातात.

मी एचआरमध्ये चोवीस वर्षं काढली. आधी चाकणच्या कारखान्यांत, नंतर हिंजवडीत. रेटिंग ज्या खोलीत ठरतं त्या खोलीत इतक्या वेळा बसलोय, की तिथल्या गार झालेल्या समोशांची चव अजून जिभेवर आहे. त्या बळावर सांगतो, तुम्ही चुकीच्या वर्षाची काळजी करताय. मागच्या वर्षीच्या ४ ला कोणी हात लावत नाही. धोका आहे तो यंदाच्या रेटिंगला. हिशोब मांडून बघा. एप्रिल ते डिसेंबर तुमचं काम ज्याने पाहिलं तो माणूस गेला. जानेवारीत कुणीच नव्हतं. बारा महिन्यांचा रिव्ह्यू आता तो लिहिणार, ज्याने जेमतेम दोन महिने पाहिलेत, आणि त्यातले पहिले पंधरा दिवस लॅपटॉप, ॲक्सेस आणि कोणाचं नाव काय यातच गेले. आधीच्या दहा महिन्यांबद्दल त्याच्या हातात काही नाही. म्हणून त्याने हाताशी होता तो कागद उघडला, तुमचा मागचा रिव्ह्यू. त्यातही त्याला काही सापडलं नाही, आणि तसं तो तोंडावर बोलला.

तो बोलला ते मला तरी अजिबात नवलाचं वाटत नाही. रेटिंग कसं ठरतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. मार्च-एप्रिलमधली दुपार, मीटिंग रूममध्ये सहा-सात मॅनेजर, एक डिलिव्हरी हेड, कोपऱ्यात एचआरचा माणूस. पडद्यावर एक्सेल, साठ-सत्तर नावं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. तुमचं नाव आलं तेव्हा जुने मॅनेजर मिनिटभर बोलले असतील: "दिवाळीत पेमेंट अडकलं होतं ना, ते यानेच रात्रभर बसून सोडवलं." हेडने मान डोलावली, "हां, तो होय," आणि पडद्यावरची रांग एक घर खाली सरकली. झालं तुमचं ४. मग पोर्टलवर कारण लिहायची वेळ आली. शेवटच्या तारखेच्या रात्री अकरा वाजता आठ जणांचे रिव्ह्यू भरायचे, तेव्हा मॅनेजर काय लिहितो? "जबाबदारीने काम करतो, टीमला धरून असतो, कामात सातत्य आहे." थोड्याफार फरकाने आठही जणांना तेच. खरं कारण खोलीत बोललं गेलं आणि खोलीतच राहिलं.

त्यामुळे "कशावरून दिलं?" हा टोमणा आहे असं आधीच ठरवून टाकू नका. तुमचा रिव्ह्यू आज पुन्हा उघडा आणि तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाच्या नजरेने वाचा. दहापैकी आठ वेळा वाचणाऱ्याला काही कळत नाही.

आणि तो जुना ४ आहे ना, तो वठलेला चेक आहे. त्याचे पैसे, म्हणजे त्या वर्षीची हाइक आणि बोनस, तुमच्या खात्यात आले. नवा माणूस तो चेक आता परत फिरवू शकत नाही. माझ्या पाहण्यात तरी बंद झालेल्या सायकलचं रेटिंग नव्या मॅनेजरने एकट्याने बदललंय असं कधी झालं नाही. त्याला एचआर, वरचा हेड, पोर्टल पुन्हा उघडायची परवानगी, एवढं सगळं लागतं, आणि ती कटकट कोणालाच नको असते. पण वठलेला चेक पुन्हा बँकेतही नेता येत नाही. "मला दोन वर्षं ४ आहे" यावर यंदाचं ४ मिळत नसतं.

थोडी बोचणारी गोष्टही इथेच सांगून टाकतो. स्कलेन, माउंट आणि गॉफ या तिघा अभ्यासकांनी २००० साली ४,४९२ मॅनेजरांना मिळालेले गुण तपासले. प्रत्येकाला दोन वरिष्ठ, दोन बरोबरीचे आणि दोन हाताखालचे, अशा लोकांनी गुण दिले होते. गुणांमधल्या फरकातला ६२ टक्के भाग गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयींतून आलेला निघाला. ज्याला गुण दिले त्याच्या कामाचा वाटा होता २१ टक्के. मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस खट्टू होतो, आमचा धंदाच त्यावर चालतो. तुमच्यापुरता अर्थ असा, की तुमच्या ४ मध्ये जुन्या साहेबांचा हात सढळ होता की आखडता, याचाही हिस्सा आहे. आणि उद्या नव्या साहेबांनी ३ दिलं, तर त्या ३ मध्येही त्यांच्या सवयींचा तेवढाच हिस्सा असेल. म्हणून मागचं ४ खरं की खोटं हा वाद जिंकून हाती काही लागत नाही. या माणसाच्या लेखी ४ म्हणजे काय, एवढंच आता कळून घ्यायचंय.

आता कबुली देतो. असा प्रश्न विचारणारा नवा साहेब मीही होतो. चाकणच्या एका कारखान्यात एचआरचा चार्ज घेतला तेव्हा टाइम ऑफिसमध्ये, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या कचेरीत, पन्नाशीचे एक गृहस्थ होते. रेटिंग सगळ्यात वरचं, तेही ओळीने काही वर्षं. मला दिसायचं काय? सकाळी गेटवर ठेकेदारांबरोबर चहा, दुपारी फोनवर गप्पा. सेल्फ-अप्रेझलच्या फॉर्मवर एकच ओळ: "टाइम ऑफिसची सर्व कामे." मी तोऱ्यात विचारलं, "काका, हे रेटिंग कशावरून?" ते तुमच्यासारखेच गप्प बसले. ऑगस्टच्या शेवटी गणपतीला आठ दिवस कोकणात गेले. ते नसताना एका लेबर ठेकेदाराने पीएफचं चलन, म्हणजे कामगारांचा पीएफ भरल्याची पावती, जोडलं नाही, म्हणून अकाउंट्सने त्याचं बिल अडवलं. बिल अडलं म्हणून त्याने पगार अडवला. शनिवारी दुपारी दुसऱ्या पाळीची चाळीसेक माणसं आत यायचं सोडून गेटवर बसून राहिली. तेव्हा मला कळलं, की दर महिन्याला १५ तारखेच्या आत एकेका ठेकेदाराला फोन करून चलन भरून घेणं हे काम होतं, आणि मी त्याला गप्पा समजत होतो. काका परत आले ते ओल्या नारळाच्या करंज्यांचा डबा घेऊन. विषय त्यांनी काढलाच नाही. मलाच दोन दिवस करंजी गिळवेना.

चूक माझी होतीच. पण "टाइम ऑफिसची सर्व कामे" या ओळीऐवजी "दर महिन्याला अकरा ठेकेदारांची चलनं १५ च्या आत गोळा करतो, न केल्यास बिलं अडतात" एवढं लिहिलेलं असतं, तर मी तो प्रश्न विचारला नसता. ज्याचं काम सुरळीत चालतं त्याचं काम दिसत नाही. बॅकएंडवाल्यांना हे मी सांगायला नको.

तुमच्या साहेबांचा हेतू काय, ते मला इथून सांगता येणार नाही, आणि जो कोणी इथून छातीठोकपणे सांगेल त्याचं ऐकू नका. कदाचित त्यांना खरंच कळलं नसेल. कदाचित टीममध्ये आठपैकी सहा जणांना ४ असेल आणि त्यांच्या वरच्याने "ही खिरापत आवर" असं सांगून त्यांना पाठवलं असेल. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये सक्तीची क्रमवारी सोडली, म्हणजे ठरावीक टक्के लोकांनाच वरचं रेटिंग आणि ठरावीक टक्क्यांना खालचं द्यायचं तो बेल कर्व्ह, त्यानंतर आपल्याकडेही "आम्ही बेल कर्व्ह काढला" असं सांगणाऱ्या कंपन्या वाढल्या. पण हाइकच्या पैशाची पिशवी तेवढीच असते, त्यामुळे कोणाला जास्त तर कोणाला कमी हे गणित पडद्याआड चालूच राहतं. कदाचित जुन्या साहेबांनी तुम्हाला प्रमोशनचं तोंडी आश्वासन दिलं असेल आणि ते ओझं आपल्या डोक्यावर का, असं या माणसाला वाटत असेल. किंवा त्यांना स्वतःची माणसं आणायची असतील. शेवटची शक्यता सगळ्यांना आधी सुचते. माझ्या अनुभवात ती सगळ्यात कमी वेळा खरी ठरते, पण ठरते.

हे ओळखायची एक साधी खूण आहे. त्यांनी हा प्रश्न तुम्हाला एकट्याला विचारला की सगळ्यांना, ते बघा. सगळ्यांना विचारला असेल तर ते टीम समजून घेताहेत किंवा आकडा खाली आणताहेत. तुम्हा एकट्यालाच असेल तर त्यांच्या कानावर काहीतरी आलंय, आणि ते काय हे तुम्हाला कळायला हवं. सहकाऱ्यांना "तुलाही विचारलं का रे?" असं चहावर सहज विचारता येतं. त्यावरून कट शिजवत बसू नका, तेवढंच.

आता भेट. ती तुम्हीच मागा, याच आठवड्यात. स्टँडअपच्या शेवटी उभ्याउभ्या नको, अर्धा तास कॅलेंडरवर टाका. साहेब मराठी नसतील तर खालची वाक्यं इंग्रजीत किंवा हिंदीत म्हणा, पण क्रम तोच ठेवा:

"मागच्या वेळी तुम्ही माझ्या रेटिंगबद्दल बोललात. ४ ज्या मीटिंगमध्ये ठरलं तिथे मी नव्हतो, त्यामुळे ते कसं ठरलं ते मी सांगू शकत नाही. माझं काम काय होतं ते सांगू शकतो. यंदाच्या कामाचं एक पान आणलंय, कारण त्यातले पहिले दहा महिने तुम्ही नव्हता. ते बघा, आणि तुमच्या दृष्टीने या जागेवर ४ म्हणजे काय ते मला सांगा."

एवढं बोलून थांबा. शांतता भरून काढायची घाई करू नका, ती त्यांना भरू द्या. "तिथे मी नव्हतो" या वाक्याने तुम्ही जुन्या साहेबांच्या वकिलीतून मोकळे होता. "पहिले दहा महिने तुम्ही नव्हता" यात तक्रार नाही, पण वस्तुस्थिती टेबलावर येते. शेवटच्या वाक्याने चेंडू त्यांच्याकडे जातो, आणि तिथे काहीतरी ठोस बोलण्यावाचून त्यांना गत्यंतर नसतं. ते "बघू, अजून मला वेळ हवा" म्हणाले तर विचारा, "मार्चच्या आत तुम्हाला काय दिसलं तर सोपं जाईल?"

पान मी म्हणालो ते मुद्दाम. हिंजवडीत एक टेस्टिंग लीड अशाच भेटीला स्पायरल बाइंडिंग केलेली फाइल घेऊन आली होती. कौतुकाच्या चाळीस मेल, रंगीत प्रिंट, वर पारदर्शक प्लास्टिक. नव्या मॅनेजरने दोन पानं उलटली. "थँक्स फॉर युवर सपोर्ट", "ग्रेट जॉब टीम", "थँक्स अगेन". फाइल मिटून तो म्हणाला, "हे लोक खूश होते ते कळलं. तू काय केलंस?" ती पोरगी हुशार होती, काम चोख होतं, पण चाळीस मेलमध्ये तिच्या कामाचं एक वाक्य नव्हतं. फाइल जेवढी जाड, तेवढा समोरच्याला बचावाचा वास येतो.

तर एकच पान. त्यावर चार किंवा पाच कामं, आणि प्रत्येक कामाबद्दल आधी काय अवस्था होती, तुम्ही काय केलं, नंतर काय बदललं, आणि कोणाला विचारता येईल. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात आणि खरं वजन तिलाच असतं. जुने साहेब गेले, पण सपोर्टची शिफ्ट लीड आहे, प्रॉडक्टवाला आहे, शेजारच्या टीमचा आर्किटेक्ट आहे. नव्या माणसाला तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसतो, पण चहाच्या मशीनपाशी एकाला विचारून खात्री करून घ्यायला त्याला आवडतं. ती सोय तुम्ही करून द्या.

म्हणजे "पेमेंट मॉड्यूलचं ऑप्टिमायझेशन केलं" असं लिहू नका. असं लिहा: "रिफंडचा रात्रीचा जॉब साडेचार तास चालायचा, सकाळी नऊला सपोर्टकडे फोन सुरू व्हायचे. ऑगस्टमध्ये क्वेरी बदलल्या, जॉब तुकड्यांत लावला. आता पन्नास मिनिटांत संपतो. सपोर्टच्या लीडला विचारता येईल." आकडे तुमचे तुम्ही घाला, पण खरेच घाला. एक आकडा फुगवलेला सापडला की बाकीचे चारही संशयात जातात.

आणि एक ओळ फसलेल्या कामाची. "नोव्हेंबरचा रिलीज आठवडाभर लांबला, त्यातला अंदाज माझा चुकला होता." हे ऐकून लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. पण ती गोष्ट नव्या साहेबांना कोणीतरी सांगणारच आहे, किंवा आधीच सांगितली आहे. तुमच्याकडून कळली तर तिची धार जाते, आणि वरच्या चार ओळींवर त्यांचा विश्वास बसतो तो या पाचव्या ओळीमुळे.

भेट झाली की त्याच दिवशी चार ओळींची मेल टाका. "आजच्या बोलण्यातून मला समजलं ते असं: अमुक दोन गोष्टी तुम्हाला या जागेवर अपेक्षित आहेत, तमुक मार्चअखेरपर्यंत दाखवायचं आहे. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर सांगा. पान सोबत जोडलं आहे." यात "तुम्ही माझ्या रेटिंगवर शंका घेतली" असा शब्द नको. ही मेल मैत्रीची दिसली पाहिजे. पुढे गरज पडलीच तर पुरावा म्हणून तिची तारीख पुरते.

जुन्या मॅनेजरला मध्ये घालू का, असं विचारलंत. वकिलीसाठी नको. "तुमच्या नव्या साहेबांशी बोलतो" म्हणून त्यांनी फोन केला, तर नव्या माणसाला दोनच गोष्टी कळतात: तुम्ही घाबरलात, आणि तुमची निष्ठा अजून तिकडे आहे. पण माहितीसाठी जरूर फोन करा. "सर, मागच्या वर्षी कॅलिब्रेशनला माझं नाव आलं तेव्हा तुम्ही काय सांगितलं होतं?" एवढं विचारा. इतरांच्या रेटिंगचं ते काही सांगणार नाहीत आणि सांगूही नये, पण तुमच्याबद्दल काय बोलले ते बहुतेक जण खुशीने सांगतात. खोलीत राहून गेलेलं कारण तुम्हाला परत मिळतं, आणि ते तुमच्या पानावर तुमच्या शब्दांत जातं. खरं तर त्यांनी जाण्याआधी पोर्टलवर एप्रिल ते डिसेंबरचा अभिप्राय लिहून जायला हवा होता. पुढच्या वेळी कोणी मॅनेजर नोटीस पीरियडवर गेला, की शेवटच्या दिवसाच्या केकची वाट न बघता आधी हे मागून घ्या.

कागदांबद्दल थोडं. मागच्या दोन वर्षांचे रिव्ह्यू, रेटिंगचं आणि इन्क्रिमेंटचं पत्र, तुमचं सेल्फ-अप्रेझल, एवढं पोर्टलवरून आज डाउनलोड करून ठेवा. कंपन्या पोर्टल बदलतात आणि जुनी वर्षं गायब होतात, हे मी दोनदा पाहिलंय. पण ऑफिसच्या मेल घाऊक स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका. क्लायंटचं नाव किंवा डेटा असलेली एक मेल त्यात निघाली, की रेटिंगचा विषय बाजूला पडतो आणि तुमच्यावरच चौकशी बसते. चांगल्या माणसांच्या नोकऱ्या मी यात गेलेल्या पाहिल्यात.

हे वाचणाऱ्यांत सरकारी नोकरीतले असतील, त्यांच्यासाठी थोडं विषयांतर. तुमच्याकडे या बाबतीत कायदा बराच पुढे आहे. केंद्र सरकारात प्रतिवेदन अधिकाऱ्याने, म्हणजे अहवाल लिहिणाऱ्या वरिष्ठाने, निदान तीन महिने काम पाहिलेलं असल्याशिवाय तो वार्षिक कामगिरीचा अहवाल लिहू शकत नाही, आणि अहवाल हातात आल्यावर १५ दिवसांत त्यावर म्हणणं मांडता येतं. अहवाल हातात देण्यामागे देव दत्त या अभियंत्याचा खटला आहे. बढतीसाठी पाच वर्षं "अतिशय चांगला" शेरा हवा होता. त्यांच्या एका वर्षाच्या अहवालात नुसतं "चांगला" होतं, आणि ते त्यांना कळवलंच नव्हतं. चांगल्या शेऱ्याने बढती अडली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं, की शेरा वाईट असो की चांगला, प्रत्येक नोंद त्या माणसाला कळवलीच पाहिजे. सुखदेव सिंग यांच्या खटल्यात २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींनी ते पक्कं केलं. खासगी कंपनीला हे लागू नाही, तिथे कंपनीचं धोरण चालतं. पण "किती महिने पाहिलं?" हा प्रश्न तिथेही रास्त आहे. कित्येक धोरणांत मॅनेजर मधेच बदलला तर आधीच्याचा अभिप्राय घ्यावा असं लिहिलेलं असतं. तुमच्या पोर्टलवरचं धोरण उघडून वाचा. कोणी वाचत नाही, म्हणून एचआरचं फावतं. आम्हीच ते लिहितो, त्यामुळे मला माहीत आहे.

आणि एचआरकडे जायचं का? आत्ता नको. एक वाक्य बोललं गेलंय, त्यावर एचआर काही करू शकत नाही. ते साहेबांना विचारतील, साहेब म्हणतील "मी तर सहज विचारलं", आणि तुम्ही तक्रारखोर ठराल. शिवाय एचआर कंपनीने नेमलेलं असतं. आम्ही वाईट नसतो, पण आम्ही तुमचे वकील नसतो. धोरणातला प्रश्न मात्र आत्ताही खुशाल विचारा: "यंदा मॅनेजर बदललाय, तर एप्रिल ते डिसेंबरचा अभिप्राय कोण देणार?" यात कोणाची तक्रार नाही, आणि हा प्रश्न विचारला गेल्याची नोंद राहते.

चित्र बदलतं ते असं काही दिसलं तर: जुना रिव्ह्यू "दुरुस्त" करून त्यावर सही मागितली. अपेक्षा काय ते न सांगता थेट पीआयपीचा, म्हणजे "ठरावीक मुदतीत काम सुधारून दाखव" असा कागद पुढे केला. तुमच्याकडचं महत्त्वाचं काम एकेक करून काढून घेतलं आणि मग "हा करतो काय?" असं विचारलं. अशा वेळी जागेवर सही करू नका. "वाचून उद्या देतो" म्हणा आणि लेखी उत्तर द्या. पीआयपीच्या कागदावर सही करावीच लागली तर "मिळाला, सहमत नाही" असं हाताने लिहून सही करा. शंकेचं मूळ बाळंतपणाच्या रजेत असेल, किंवा साहेबांची लगट झिडकारल्यावर अचानक काम वाईट दिसू लागलं असेल, तर तो रेटिंगचा विषयच उरत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीत चौकशी सुरू असताना त्या बाईच्या कामाचा अहवाल त्याच साहेबाने लिहू नये, दुसऱ्याने लिहावा, अशी शिफारस अंतर्गत समिती करू शकते. लैंगिक छळविरोधी कायद्याच्या २०१३ च्या नियमांत तसं स्पष्ट लिहिलंय, फक्त त्यासाठी लेखी विनंती करावी लागते.

एक शक्यता राहिली, जी तुम्हाला आवडणार नाही. समजा साहेबांचं बरोबर असेल तर? सात वर्षांच्या माणसाकडून त्यांना डिझाइनचे निर्णय आणि दोन ज्युनिअर तयार करणं अपेक्षित असेल, आणि तुम्ही अजून नुसती टिकिटं, म्हणजे नेमून दिलेली एकेक सुटी कामं, उत्तम सोडवत असाल, तर जुन्या साहेबांचं ४ आणि यांचं ३ दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. पान लिहिताना हे आपोआप उघड होतं. पाच कामं आठवायला बसलात आणि तिसऱ्यापाशी अडलात, तर ते साहेबांच्या आधी तुम्हाला कळेल. तसं झालं तर त्या भेटीत चार काय आणि तीन काय, याचा काथ्याकूट करू नका. "पुढच्या सहा महिन्यांत मला कुठलं काम द्याल?" एवढंच मागा.

राहता राहिली दुसरी नोकरी. एका वाक्यावरून राजीनामा देऊ नका, पण तेच पान बायोडेटात घालून ठेवायला काय हरकत आहे? तुमचा नोटीस पीरियड ९० दिवसांचा असेल, तर मार्चनंतर शोधायला लागलात तरी नव्या खुर्चीत बसायला पावसाळा उजाडेल. मी असतो तर हाइकचं पत्र हातात येईपर्यंत इथेच थांबलो असतो, आणि तोवर दोन मुलाखती देऊन बाजारात माझ्या ४ ला काय भाव आहे ते बघितलं असतं. पान लिहून झालं की, नावंगावं काढून, इथेच टाका. कुठली ओळ ढिली आहे ते सांगतो.